अंदमानला स्वतःचं स्कूबाचं सामान विमानातून नेताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं पुण्याचे. गेल्या वर्षी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स केलात आणि आता जानेवारीत पुणे–चेन्नई–पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजय पुरम) असं जाऊन स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, पाच दिवस डाइव्हिंग करणार आहात. सामान सगळं नवं घेतलंय: दोन रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारे नळ्यांचे संच), दोन बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायची जॅकेटं), फिन्स, बूट, तीन मिलिमीटरचे वेटसूट, मास्क, एक डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा), दोन टॉर्च, हाउसिंगसकट (पाणी आत न जाणाऱ्या पेटीसकट) एक कॅमेरा आणि एक चाकू. तिकिटात माणशी 15 किलो चेक-इन आणि 7 किलो केबिन. कशात काय ठेवायचं, सिक्युरिटीला अडवतील का, छोटा सिलिंडर नेता येईल का, आणि चाकूचं काय करायचं, असे तुमचे प्रश्न आहेत.

सामानाकडे येतोच, पण तुम्ही दिलेल्या वेळापत्रकातली एक ओळ मला जास्त खटकली. शनिवारी दुपारी 2 वाजता शेवटची डाइव्ह संपणार, 4 ची बोट पकडून पोर्ट ब्लेअरला मुक्काम आणि रविवारी सकाळी 7 चं विमान. मध्ये 17 तास. शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किती वेळ हवा, याचा तुम्हाला कोर्समध्ये 12 तासांचा आकडा शिकवला असेल आणि तो चुकीचा नाही, पण तो एकाच डाइव्हसाठी आहे. दिवसातून दोन-तीन डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील, तर किमान 18 तास थांबायचं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या 2002 च्या कार्यशाळेतून हे आकडे पुढे आले आणि आज बहुतेक संस्था तेच शिकवतात. वर येताना पाण्यातच डीकॉम्प्रेशन थांबे घ्यावे लागलेली डाइव्ह असेल तर 18 पेक्षाही बराच जास्त वेळ. माझे स्वतःचे विद्यार्थी असतील तर मी सरसकट 24 सांगतो, कारण 18 चा अर्थ 'धोका शून्य' असा नाही, 'धोका बराच कमी' असा आहे.

कारण असं की विमानाच्या केबिनमधली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. तिथला दाब कमाल 8,000 फूट, म्हणजे सुमारे 2,440 मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरू दिलेला असतो. कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहून आणखी 800 मीटर वर चढल्यासारखं. समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश दाब उरतो. पाच दिवस पाण्याखाली अंगात जिरलेला नायट्रोजन अजून पूर्ण बाहेर पडलेला नसताना तुम्ही तिथे जाऊन बसलात, तर तो रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे धरू शकतो. तेव्हा शनिवारची दुपारची डाइव्ह सकाळी 8 ला घ्या. 11 च्या आत वर आलात तर 20 तास मिळतात. दुपारची डाइव्ह गेल्याचं वाईट वाटेल, पण त्या मोकळ्या दुपारचा दुसरा एक उपयोग पुढे सांगणार आहे.

हेच आमच्याकडे, मालवण-तारकर्लीला येणाऱ्यांनाही लागू आहे आणि ते कोणी सांगत नाही. विमानच हवं असं नाही. 600 मीटरच्या वर चढणं म्हणजे उंचीवर जाणंच. आंबोली साधारण 700 मीटरवर आहे. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठणारी मंडळी मी दर रविवारी बघतो. वीस मिनिटांच्या उथळ, हौशी डाइव्हमध्ये फारसं काही होत नाही हे खरं, पण दिवसभर खोल डाइव्ह केलेल्यांनी रात्र किनाऱ्यावर काढावी.

आता सामान.

केबिन बॅगेत काय घ्यायचं हे लोक किमतीवरून ठरवतात. महाग ते हातात, स्वस्त ते विमानाच्या पोटात. मी उलटा विचार करतो: बॅग हरवली तर तिकडे काय मिळणार नाही? बीसीडी, फिन्स, वेटसूट हॅवलॉकच्या कुठल्याही डाइव्ह सेंटरवर भाड्याने मिळतात, तुमच्या मापाचेही बहुतेक मिळतात. मिळत नाही तो तुमच्या चेहऱ्याला बसणारा मास्क. दहा वर्षांपूर्वी माझी चेक-इन बॅग दोन दिवस उशिरा आली होती. तिच्यात माझा नंबरच्या काचांचा मास्क होता, उणे साडेचार. ते दोन दिवस मी कोणाचा तरी साधा मास्क लावून पाण्यात उतरलो. मासे होते, प्रवाळ होतं, सगळं होतं असं सोबतचे सांगत होते. मला हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळे डाग दिसले. त्यानंतर मास्क कडक डबीत घालून तो कायम हातातल्या बॅगेत. वजन पावशेरच्या आसपास, तेव्हा 7 किलोत त्याची अडचण होत नाही.

मास्कनंतर कॉम्प्युटर. तो मनगटावरच बांधा. तुम्ही दोघांत एक कॉम्प्युटर लिहिलाय. तो दोघांत चालत नाही. एकाच बोटीवरून एकत्र उतरलात तरी दोघांची खोली, दोघांचा वेळ अगदी सारखा कधीच नसतो. दुसरा तिकडे भाड्याने घ्या आणि पाचही दिवस तोच मिळेल असं सेंटरला आधी कळवा. रोज वेगळा कॉम्प्युटर घातला तर त्याला काल तुम्ही किती वेळ कुठे होतात हे माहीतच नसतं. आणि परतीला कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमानाची छोटी खूण किंवा उरलेले तास दिसत असतील तर ते आणि वर सांगितलेले 18, यातलं जे मोठं ते धरा.

तिसरा रेग्युलेटर. यावर आमच्यात मतभेद आहेत. एका संचाचं वजन होसेस, गेज धरून अडीच ते तीन किलो, म्हणजे तुमच्या 7 पैकी जवळजवळ निम्मं. तरीही मी तो हातातच नेतो. तुमचा जीव ज्याच्यावर आहे ती वस्तू सामानाच्या पट्ट्यावर आपटू द्यायची नाही, एवढंच माझं कारण. नेताना होसेसची वेटोळी जेवणाच्या ताटाएवढी मोठी ठेवा. घट्ट गुंडाळलं तर धातूच्या टोकाशी होस मोडते आणि तिथेच काही महिन्यांनी बारीक बुडबुडे यायला लागतात. फर्स्ट स्टेजवरची, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या टोकावरची, टोपी कोरडी करून घट्ट लावलेली हवी. सेकंड स्टेजच्या, म्हणजे तोंडात धरायच्या भागाच्या, हवा सोडणाऱ्या पर्ज बटणावर काही दाबून बसणार नाही असं बघा. आणि रेग्युलेटर डिन प्रकारचे, म्हणजे आट्यांनी फिरवून बसणारे, असतील तर तिकडच्या सेंटरला आत्ताच विचारून ठेवा की त्यांच्या सिलिंडरवर ते थेट बसतात की योकचा (वरून आवळून बसवायचा) अडॅप्टर लागेल. मुठीत मावणारा तो तुकडा विसरलात तर दोन्ही रेग्युलेटर पाच दिवस खोलीत पडून राहतील.

सिक्युरिटीबद्दल. रेग्युलेटर केबिनमध्ये न्यायला बंदी नाही. एक्स-रेच्या पडद्यावर मात्र तो काही बरा दिसत नाही: धातूचा गोळा आणि त्याला फुटलेल्या चार नळ्या. त्यामुळे बॅग बाजूला घेतली जाणार, हे धरूनच चाला आणि अर्धा तास आधी पोहोचा. माझ्या अनुभवात जवानांची अडचण वस्तूपेक्षा शब्दाशी असते. आपल्याकडे रेग्युलेटर म्हणजे गॅसचा. पहिल्यांदा मी घरातून निघालो तेव्हा आईनेच विचारलं होतं, "ह्यां काय रे, गॅसचो रेग्युलेटर घेऊन खंय चललंस?" विमानतळावरही तेच होतं. तुम्ही म्हणता रेग्युलेटर, समोरच्याच्या मनात लगेच पुढचा प्रश्न: मग सिलिंडर कुठाय? त्यात कोणी 'ऑक्सिजन' हा शब्द उच्चारला की संपलं. तसंही डाइव्हिंगच्या सिलिंडरमध्ये साधी, दाबाखाली भरलेली हवा असते, ऑक्सिजन नाही, त्यामुळे तो शब्द चुकीचाही आहे. मी मास्क बॅगेत सगळ्यात वर ठेवतो. बॅग उघडली की आधी मास्क दिसतो आणि निम्मं काम तिथेच होतं. मग शांतपणे सांगायचं, "डाइव्हिंग का है, पानी के नीचे साँस लेने का. सिलिंडर वहीं मिलता है." माउथपीस तोंडाशी धरून दाखवलं की बहुतेक वेळा हसून बॅग परत मिळते. सर्टिफिकेशन कार्ड फोनवर काढून ठेवा. एवढं करूनही एखाद्याने नाही म्हटलं तर वाद घालू नका. त्याचा तो अधिकार आहे. काउंटरवर परत जाऊन ती वस्तू चेक-इन करायला वेळ हाताशी असला पाहिजे, म्हणून तर तो अर्धा तास.

आता टॉर्च आणि बॅटऱ्या. इथे माझ्याकडून घडलेला एक मूर्खपणा सांगतो. पाण्याखालचा टॉर्च पाण्यातच वापरायचा असतो, कारण भोवतालचं पाणीच त्याला थंड ठेवतं. एकदा घाईत मी टॉर्च सेलसकट जाळीच्या पिशवीत टाकला आणि गाडीच्या डिकीत बाकी सामानाखाली ठेवला. रस्त्यात कुठेतरी फिन्सच्या कडेने त्याचं बटण दाबलं गेलं. कणकवलीच्या पुढे गाडीत रबर जळल्याचा वास यायला लागला. मला वाटलं ब्रेकचे लायनर. उतरून डिकी उघडली तर पिशवीला रुपयाएवढं भोक पडलं होतं, बुटाच्या टाचेचं निओप्रीन वितळून काचेला चिकटलं होतं आणि टॉर्च हातात धरवत नव्हता. हेच विमानाच्या पोटात, कोणाचं लक्ष नसताना झालं असतं तर काय, हा विचार अजून अंगावर येतो.

म्हणून विमानात टॉर्चमधून सेल काढलाच पाहिजे. तेज प्रकाशाच्या, तापणाऱ्या डाइव्ह टॉर्चसाठी आंतरराष्ट्रीय हवाई नियमांतच सांगितलंय की बॅटरी किंवा तापणारा भाग वेगळा करायचा, म्हणजे चुकूनही तो चालू होणार नाही. असे टॉर्च न्यायला एअरलाइनची संमती लागू शकते, तेव्हा मोठा व्हिडिओ लाइट असेल तर आधी मेल करून उत्तर छापून ठेवा. सुटे लिथियम सेल फक्त आणि फक्त केबिनमध्ये. प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या वेगळ्या डबीत, नाहीतर निदान टोकांना चिकटपट्टी लावून. पॉवर बँकही तिथेच. पॉवर बँक किंवा सेल चेक-इनमध्ये सापडले की तुमच्या नावाचा पुकारा होतो, तुम्हाला सामानाच्या तपासणीच्या खोलीपर्यंत नेतात, बॅग उघडायला लावतात, आणि तोवर बोर्डिंग सुरू झालेलं असतं.

क्षमतेची मर्यादा वॅट-तासांत असते आणि ती शाळेतल्या गणितासारखी काढायची: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. तुमच्या टॉर्चमधला 21700 जातीचा सेल 3.6 व्होल्ट आणि 5,000 मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे 18 वॅट-तास. 3.7 व्होल्टची 20,000 ची पॉवर बँक 74. शंभरापर्यंत कोणाला विचारावं लागत नाही. 100 ते 160 असेल तर एअरलाइनची परवानगी लागते आणि असे सुटे दोनच चालतात. 160 च्या वर असेल तर ती प्रवाशाच्या सामानातून जातच नाही. बॅटरीवर आकडा छापलेला असायला हवा. तो पुसट झाला असेल तर तपासणारा माणूस तुमच्या तोंडी हिशेबावर विश्वास का ठेवेल?

एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात. विमान भरलं की कधीकधी दारातच तुमची केबिन बॅग घेऊन खाली टाकतात. लक्षद्वीपच्या अगत्तीला जाणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या विमानात वरचे कप्पेच एवढे लहान असतात की हे होणारच. तेव्हा सेल आणि पॉवर बँक बाहेर काढून स्वतःजवळ घ्याव्या लागतात. मी हे सगळं एका छोट्या पाउचमध्ये, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवतो. दारात उभं राहून वेटसूटच्या घड्यांमध्ये सेल शोधायची वेळ येऊ नये.

कॅमेऱ्याचं हाउसिंग बंद करून नेऊ नका. ते बाहेरून येणारा दाब अडवायला बनवलेलं असतं, आतून बाहेर जाणारा नाही. वर गेल्यावर केबिनमधला दाब कमी होतो, आतली थोडी हवा ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्याला, सरकवून निसटते, आणि खाली उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण असं काही दाबून धरतो की ते उघडता उघडत नाही. हॅवलॉकच्या जेट्टीवर एका पाहुण्याचं हाउसिंग उघडायला आम्ही तिघं लागलो होतो, एकाने धरायचं, दोघांनी ओढायचं. उघडलं तेव्हा फुस्स असा आवाज झाला आणि ओ-रिंग वाकडी होऊन बाहेर लोंबत होती. ओ-रिंग काढून छोट्या पिशवीत ठेवा, झाकण नुसतं टेकवून ठेवा. हवाबंद डब्यांचंही तेच. ज्यांना हवा सोडायची चकती असते, ती सैल करा.

याच दाबावरून एक समज फार पसरलाय, की विमानाच्या पोटात दाबच नसतो आणि म्हणून खोली मोजायचं गेज तिथे ठेवलं तर फुटतं. प्रवासी विमानाच्या सामानकक्षातही केबिनएवढाच दाब ठेवलेला असतो. तुमचं गेज फुटलं तर ते दाबाने नाही, आपटून फुटेल.

चेक-इनची बॅग. इथे खरी लढाई वजनाशी आहे. साधं जॅकेट बीसीडी साडेतीन किलोच्या आसपास, मागे पट्टा असलेले फिन्स दोन-अडीच, बूट एक, वेटसूट दीड-दोन. नऊ किलो इथेच झाले. त्यात चाकांची कडक सुटकेस घेतलीत तर ती एकटीच चार-पाच किलो खाते. डफल घ्या, दीड किलोत काम होतं. आणि डाइव्हिंगच्या कंपनीचं भलंमोठं नाव छापलेली बॅग नको. आत महागाचं सामान आहे अशी पाटी लावून फिरण्यासारखं ते आहे. फिन्स दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे लावा, बीसीडीची कडक पाठ खाली, बुटांत मोजे आणि चार्जर कोंबून बूट फिन्सच्या खोबणीत, वेटसूट गुंडाळी करून मधल्या पोकळीत. वेटसूटची घडी घालू नका, निओप्रीनला कायमची मोड पडते. बीसीडीतली हवा पूर्ण काढा. अर्धवट फुगलेलं ठेवलंत तर वर गेल्यावर आतली हवा आणखी फुगते. वीस-तीस कपडे नेऊ नका, तिकडे पाच दिवस चड्डी आणि टी-शर्ट यापलीकडे काही अंगावर चढत नाही.

शिशाची वजनं न्यायची नाहीत, ती सेंटर देतं. कोणी तरीही नेतं. 15 किलोत चार किलो शिसं घालून नेणारा माणूस मी पाहिलाय. एक्स-रेला शिशाआड काही दिसत नाही, त्यामुळे त्याची बॅग प्रत्येक टप्प्यावर उघडली गेली. स्पॅनर, ॲलन की, पक्कड, आणि मासे दाखवायची ती धातूची काडी, हे सगळं चेक-इनमध्ये. वेटसूट चिकटवायचा सोल्यूशनसारखा वास येणारा गोंद मात्र कुठेच नाही, तो ज्वालाग्राही असतो आणि दोन्हीकडे बंदी आहे. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब चालते.

परतीचं वजन हा वेगळाच प्रकार आहे. जाताना काट्यावर 14.6 आलेली बॅग येताना 17 भरते आणि लोकांना वाटतं काटा बिघडलाय. बिघडलेला नसतो, बॅग समुद्र घेऊन निघालेली असते. ओलं निओप्रीन पाणी धरतं. बीसीडीच्या पोटात शेवटच्या डाइव्हनंतर भांडंभर पाणी साचलेलं असतं ते कोणी काढत नाही. उलटं धरा, हवा भरायची इन्फ्लेटरची नळी सगळ्यात खाली येऊ द्या, बटण दाबून ठेवा, पाणी धारेने येतं. मग गोडं पाणी आत घालून खळबळून परत काढा. रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवताना टोपी लावलेली हवी आणि पर्ज दाबायचं नाही, नाहीतर पाणी आतल्या होसमध्ये जातं. मग सगळं सावलीत, वाऱ्याला टांगा. उन्हात निओप्रीन कडक होतं.

आणि त्याला वेळ लागतो. शनिवारची दुपार मोकळी ठेवा म्हणालो ती यासाठीही. सकाळी 11 ला वर आलात तर चारच्या बोटीपर्यंत चार-पाच तास वारा मिळतो, आणि पोर्ट ब्लेअरच्या खोलीत पंख्याखाली अख्खी रात्र. दुपारी 2 ला वर आला असतात तर सगळं निथळत बॅगेत गेलं असतं आणि रविवारी सकाळी काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरले असते. बूट तरीही ओलेच राहणार. ते वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. का, ते पिशवी घरी सोडाल तेव्हा कळेल.

सिलिंडर. तुम्ही छोट्या सिलिंडरचं विचारलंय. अमेरिकेत नियम असा आहे की व्हॉल्व्ह पूर्ण काढून, आतलं दिसेल असं तोंड उघडं ठेवून सिलिंडर नेता येतो. भरलेला किंवा बंद सिलिंडर कुठेच नाही. आपल्याकडे त्यासाठी खटपट करू नका. तोंड उघडं ठेवलेल्या सिलिंडरमध्ये दमट हवा जाते, मग तिकडे भरण्याआधी कोणीतरी आतून तपासायला हवा, व्हॉल्व्ह परत बसवायला हवा. आणि तिकडे सगळीकडे वापरात असलेला ॲल्युमिनियमचा मोठा सिलिंडर रिकामाच सुमारे 14 किलोचा असतो, तुमची 15 किलोची मर्यादा एकट्यात संपली. सिलिंडर आणि शिसं जिथे डाइव्ह तिथलंच, हा जगभरचा रिवाज आहे.

बॅग आलीच नाही तर पट्ट्यापासून हलू नका. विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवर सामानाच्या तक्रारीचा अहवाल (प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट) लिहून घ्या आणि त्याची प्रत खिशात ठेवा. त्याशिवाय पुढे काही मागणं अवघड होतं. देशांतर्गत प्रवासात हरवलेल्या सामानाची भरपाई कमाल 20,000 रुपये आहे. तुमच्या एका बीसीडीचीही किंमत त्यात जेमतेम निघेल. म्हणून घरून निघताना प्रत्येक वस्तूचा आणि तिच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, बिलं मेलमध्ये ठेवा. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा पुष्कळदा वगळलेलं असतं, किंवा खोलीची मर्यादा असते. ती बारीक अक्षरं वाचा.

तुम्हाला लागू नाही, पण दुबई, अमेरिकेहून सामान घेऊन येणारे आपले लोक हे वाचतील म्हणून दोन गोष्टी. बोटीपासून भरकटलो तर म्हणून काही डायव्हर सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र बाळगतात. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर तपासणीत सापडून परदेशी पर्यटकांना अटक झाल्याच्या घटना घडल्या आहेत. ते तिकडेच ठेवा. नारिंगी एसएमबी (पाण्यावर उभा राहून दिसणारा खुणेचा फुगा) आणि शिट्टी आणा. दुसरं, इथून मालदीवला वगैरे महाग कॅमेरा घेऊन जाणार असाल तर जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे येताना 'हे नवीन घेतलंय का' या प्रश्नाला कागद दाखवता येतो.

माझं खरं मत विचाराल तर या पहिल्या फेरीला दोन्ही बीसीडी घरीच ठेवा. सर्टिफिकेशन होऊन वर्षच झालंय, मध्ये डाइव्ह झालेल्या नाहीत, आणि नव्या बीसीडीची बटणं कुठे आहेत हे 18 मीटरवर शोधत बसण्यापेक्षा पुण्यातल्या एखाद्या जलतरण तलावात दोन रविवार घालवलेले बरे. मास्क, कॉम्प्युटर, रेग्युलेटर, फिन्स आणि बूट न्या. रेग्युलेटरही आधी पाण्यात, सिलिंडर लावून तपासलेला हवा, खोक्यातून थेट विमानात नको. हे एवढं दोघांच्या केबिन बॅगा आणि एका चेक-इन बॅगेत आरामात बसतं, दुसरी बॅग मोकळी राहते, आणि येताना ओल्या सामानाला जागाही होते.

राहिला चाकू. तो फक्त चेक-इनमध्ये, म्यानात घालून, वर कापड गुंडाळून. बॅग तपासणाऱ्याचा हात कापला जाऊ नये म्हणून. दोरा कापायचं छोटं ब्लेडवालं कटरही केबिनमध्ये चालत नाही, त्यात कितीही लपलेलं पातं असलं तरी. पण तुमच्या फोटोतला तो पोटरीला बांधायचा हातभर चाकू नेऊच नका. अंदमानात तुम्ही उतरणार त्या जागी जुनी जाळी किंवा दोर आलाच तर तुमच्या डाइव्हमास्टरकडे कटर असतो.